चावी बरोबर, परवानग्या बरोबर, तरी लॉगिन नाही: एसईलिनक्सखाली अडकलेल्या रिमोट लॉगिनचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका शिक्षणसंस्थेच्या संगणन केंद्रातलं हे प्रकरण. संस्थेचं नाव आणि माणसांची ओळख मुद्दाम बाजूला ठेवली आहे. आदेश, लेबलं आणि फाइलींचे मार्ग इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच नेहमीच्या लिपीत टाइप करायचे.

केंद्राचा मुख्य लॉगिन सर्व्हर कित्येक वर्षं सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीवर चालत होता. ३० जून २०२४ ला त्या आवृत्तीचा आधार संपला आणि स्थलांतर टाळणं अशक्य झालं. निवड झाली रेड हॅटच्याच घराण्यातल्या रॉकी लिनक्स ९ ची. संशोधक आणि विद्यार्थी बाहेरून एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या पद्धतीने, या सर्व्हरवर येतात, तिथून गणनेची कामं रांगेत लावतात. बाहेरून फक्त पब्लिक कीने (सर्व्हरवर आधी नोंदवलेल्या चावीने) प्रवेश मिळतो, पासवर्ड फक्त संस्थेच्या आतल्या नेटवर्कवरून चालतो. वापरकर्त्यांची खाती एलडॅप या मध्यवर्ती नोंदवहीत आहेत आणि त्यांच्या होम डिरेक्टरी '/होम'खाली नसून '/युजर्स' या वेगळ्या डिस्कखंडावर आहेत. कधीतरी जागा कमी पडली म्हणून केलेली ती सोय पुढे कायमची झाली. शेकडो स्क्रिप्टांमध्ये '/युजर्स/...' असे पूर्ण मार्ग लिहिलेले असल्यामुळे नव्या सर्व्हरवरही तोच मार्ग ठेवायचं ठरलं.

एक गोष्ट स्थलांतराच्या आराखड्यात कुठेच नव्हती. एसईलिनक्स म्हणजे प्रत्येक प्रक्रियेला आणि फाइलीला लेबल लावून, कुणी कशाला हात लावायचा ते धोरणाने ठरवणारी लिनक्सची सुरक्षा-व्यवस्था. जुन्या सर्व्हरवर ती पहिल्या दिवसापासून बंद होती. ही सवय आपल्याकडे बरीच जुनी आहे. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने एसईलिनक्स २००० साली खुलं केलं, २००३ मध्ये ते लिनक्सच्या २.६ कर्नलमध्ये आलं आणि त्यानंतर इन्स्टॉलेशनच्या असंख्य टिपणांमध्ये 'आधी एसईलिनक्स बंद करा' ही ओळ पहिल्या पानावर जाऊन बसली. नव्या सर्व्हरवर मात्र ते मूळ स्थितीत, म्हणजे एनफोर्सिंगवर (धोरणात न बसणारी कृती अडवणाऱ्या अवस्थेत) होतं.

त्याच्याशी एक छोटी चकमक तयारीच्या काळातच झाली होती. एसएसएच २२ ऐवजी २२२२ पोर्टवर चालवायचं होतं. सेवा सुरूच होईना, लॉगमध्ये '२२२२ पोर्टशी जोडणी अयशस्वी, परवानगी नाकारली' असं यायचं. 'सेमॅनेज पोर्ट' वापरून त्या पोर्टला 'एसएसएच_पोर्ट_टी' हे लेबल दिलं आणि सेवा उठली. कामाच्या यादीत 'एसईलिनक्स' या ओळीपुढे बरोबरची खूण झाली. पुढचा घोटाळा शोधायला उशीर झाला त्याचं एक कारण ही खूण. एकदा सोडवलेल्या गोष्टीवर माणूस पुन्हा संशय घेत नाही.

बिघाड कसा दिसला

शनिवार-रविवारात डेटा हलवला गेला. रविवारी संध्याकाळी दोन्ही प्रशासकांनी घरून लॉगिन करून पाहिलं, झालं. सोमवारी सकाळपासून मेल यायला लागल्या. बाहेरून कुणालाच आत येता येत नव्हतं. सगळ्यांच्या पडद्यावर एकच ओळ: परवानगी नाकारली, आणि कंसात पब्लिक की.

लक्षणं नीट मांडली असती तर उत्तर त्यातच होतं, पण ती वेगवेगळ्या माणसांकडून, वेगवेगळ्या वेळी येत होती. एकत्र करून ती अशी:

- रूट, म्हणजे सर्वाधिकारी खात्यावर चावीने लॉगिन होत होतं.
- दोन्ही प्रशासकांच्या खात्यांवरही होत होतं. ही खाती एलडॅपमधली नव्हती, सर्व्हरवरचीच होती, आणि त्यांच्या होम डिरेक्टरी '/होम'खाली होत्या. चाचणी याच खात्यांवरून झाली होती.
- रूटवरून 'एसयू -' करून कुठल्याही वापरकर्त्याच्या खात्यात गेलं की सगळं सुरळीत. फाइली दिसतात, चाव्यांची फाइल 'ऑथोराइज्ड_कीज' उघडते, वाचता येते.
- संस्थेच्या आतून पासवर्डने लॉगिन व्हायचं, पण 'होम डिरेक्टरीत जाता आलं नाही, परवानगी नाकारली' अशी तक्रार पडद्यावर येऊन माणूस थेट '/'मध्ये उतरायचा. तिथे नुसतं 'सीडी' टाइप केलं की मुकाट्याने स्वतःच्या घरी पोचायचा.

ही शेवटची गोष्ट एका पीएचडीच्या विद्यार्थिनीने मेलमध्ये लिहून कळवली होती. "सर, घरी जाता येत नाही म्हणतो आणि लगेच जातोही." तिची मेल दुपारपर्यंत कुणी वाचली नाही. सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा तोच होता.

सकाळ कुठे गेली

पहिला संशय चाव्यांच्या प्रकारावर गेला, आणि तो बिनबुडाचा नव्हता. रेड हॅट ९ च्या घराण्यात शा-१ या जुन्या पद्धतीवर आधारलेल्या सह्या मूळ क्रिप्टो धोरणातच बंद आहेत. आरएसए चावी स्वतः चालते, पण जुना क्लायंट तिच्याने शा-१ पद्धतीची सही करून पाठवत असेल तर सर्व्हर ती मानत नाही. पुटी या एसएसएच क्लायंटच्या ०.७५ च्या आधीच्या आवृत्त्यांना नव्या पद्धतीची सही येतच नाही, आणि केंद्रात जुन्या पुटीचे भक्त बरेच. कनिष्ठ प्रशासकाने सुचवलं, "मॅडम, क्रिप्टो धोरण लेगसीवर नेऊन टाकू, सगळ्यांचं चालेल."

वरिष्ठ प्रशासक मॅडमनी थांबवलं. "आधी ईडी२५५१९ ची नवी चावी बनव, एका विद्यार्थ्याच्या खात्यात टाक आणि बघ. तीही चालली नाही तर दोष सहीचा नाही." नव्या चावीने लॉगिन झालं नाही. एका चाचणीत तो रस्ता बंद झाला, तोही सर्व्हरचं क्रिप्टो धोरण सैल न करता. दिवसातला हा पहिला चांगला निर्णय.

दुसरा संशय नेहमीचा: फाइलींच्या परवानग्या. होम डिरेक्टरीवर किंवा '.एसएसएच'वर गटाला किंवा इतरांना लिहिण्याची मुभा असेल तर एसएसएचडी (एसएसएचची सर्व्हरवर चालणारी सेवा) चावीची फाइल मानत नाही, ही त्याची जुनी शिस्त आहे. 'नेमआय -एल'ने '/'पासून फाइलीपर्यंतची प्रत्येक पायरी तपासली. मालक बरोबर, ७०० आणि ६०० बरोबर. इथे कुणीतरी वैतागून सगळ्या '/युजर्स'वर 'सीएचमॉड -आर' (सरसकट परवानग्या बदलणारा आदेश) चालवण्याची इच्छा बोलून दाखवली होती. ते झालं नाही हे नशीब. झालं असतं तर मूळ बिघाड तसाच राहून वर शेकडो लोकांच्या सामायिक फोल्डरांच्या परवानग्या उद्ध्वस्त झाल्या असत्या.

तिसरं पाऊल सगळ्यात महागात पडलं. कनिष्ठ प्रशासकाने पुस्तकात सांगतात तसं केलं: रूट टर्मिनलवरून एसएसएचडी पूर्ण मार्ग देऊन डीबग अवस्थेत, वेगळ्या पोर्टवर, हाताने सुरू केला आणि एका विद्यार्थ्याला त्या पोर्टवर यायला सांगितलं. विद्यार्थी चावीने आत आला. पहिल्याच फटक्यात.

तोच प्रोग्रॅम, तीच संरचना-फाइल, तीच चावी, तेच खातं. सेवा म्हणून चालवला की नकार, हाताने चालवला की प्रवेश. यातून निघालेला निष्कर्ष ऐकायला तर्कशुद्ध होता: दोष सिस्टीमडीच्या, म्हणजे सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या, युनिट फाइलीत असणार. दुपारच्या जेवणापर्यंतचा वेळ त्या युनिट फाइलीतल्या ओळी उलटसुलट करण्यात गेला.

वळण

जेवणानंतर मॅडमनी त्या विद्यार्थिनीची मेल वाचली आणि कनिष्ठाला विचारलं, "सीडी केल्यावर जातोय म्हणजे फाइलसिस्टीमला तो माणूस चालतोय. मग आधी कोणाला नाही म्हणाली?"

हा प्रश्न बरोबर जागी लागला. होम डिरेक्टरीत पहिल्यांदा शिरतं ते वापरकर्त्याचं शेल नसतंच. एसएसएचडीची उपप्रक्रिया वापरकर्त्याची ओळख धारण करून होम डिरेक्टरीत जाते आणि मग शेल सुरू करते. चावीची फाइल वाचतानाही तसंच: ओळख वापरकर्त्याची, पण काम करणारी प्रक्रिया एसएसएचडीचीच. मालक-गट-इतर या जुन्या पद्धतीच्या परवानग्या फक्त ओळख बघतात. एसईलिनक्स प्रक्रियेचं डोमेन, म्हणजे प्रक्रियेवरचं लेबल, बघतं. सोसायटीत फ्लॅट तुमच्या नावावर असतो, पण तुमचं नाव सांगून आलेल्या कुरिअरवाल्याला वॉचमन त्याच्या स्वतःच्या पासावरच तपासतो, तसं काहीसं.

सेवा म्हणून चालणारा एसएसएचडी 'एसएसएचडी_टी' या डोमेनमध्ये असतो. लॉगिन पूर्ण होऊन शेल सुरू झालं की ते, मूळ टार्गेटेड धोरणात, 'अनकन्फाइन्ड_टी'मध्ये जातं आणि त्याला जवळजवळ सगळं मोकळं असतं. म्हणून 'सीडी' चालतं. म्हणूनच 'एसयू -' चालतं. आणि रूटच्या टर्मिनलवरून हाताने सुरू केलेला एसएसएचडी त्या टर्मिनलचंच डोमेन घेऊन चालतो, म्हणजे 'अनकन्फाइन्ड_टी'. सकाळची डीबग चाचणी ज्या परिस्थितीत केली, त्या परिस्थितीत बिघाड अस्तित्वातच नव्हता. 'पीएस -ईझेड'च्या निकालात दोन एसएसएचडी शेजारी शेजारी वेगवेगळ्या लेबलांखाली दिसले तेव्हा युनिट फाइल आपोआप निर्दोष सुटली.

खात्रीसाठी 'सेटएनफोर्स ०' करून, म्हणजे एसईलिनक्सचं अडवणं तात्पुरतं थांबवून पाहिलं. लगेच बाहेरून लॉगिन झालं. 'सेटएनफोर्स १', पुन्हा नकार.

इथे कनिष्ठ प्रशासक, विभागप्रमुख आणि फोनवर असलेले दोन प्राध्यापक एकाच सुरात बोलले: चालतंय ना, मग असंच राहू द्या. विभागप्रमुखांचं म्हणणं सरळ होतं: "जुन्या सर्व्हरवर इतकी वर्षं बंदच होतं, काय बिघडलं?" मॅडम म्हणाल्या, "सर, मला संध्याकाळपर्यंत द्या. नाहीच जमलं तर तुम्ही म्हणाल तसं करू." त्या वाक्यातली मुदत महत्त्वाची. नुसता 'नको' म्हटला असता तर तो सकाळपासून अडकलेल्या लोकांपुढे टिकला नसता.

नोंद काय सांगत होती

ऑडिटच्या नोंदी शोधणाऱ्या 'एयूसर्च'ला एव्हीसी प्रकारच्या, म्हणजे एसईलिनक्सच्या नकारांच्या, अलीकडच्या नोंदी मागितल्या. 'रिसेंट' म्हणजे मागची १० मिनिटं, म्हणून त्याआधी एकदा मुद्दाम फसणारं लॉगिन करवून घेतलं. नोंद निघाली. तिचे तुकडे असे: नाकारलेली कृती 'सर्च', कमांड 'एसएसएचडी', नाव '/', डिव्हाइस 'डीएम-३', आयनोड (फाइलसिस्टीममधला क्रमांक) १२८, स्रोताचं लेबल 'एसएसएचडी_टी', लक्ष्याचं लेबल 'अनलेबल्ड_टी', वस्तूचा प्रकार डिरेक्टरी.

नाव '/' बघून पहिली प्रतिक्रिया अशी की सर्व्हरच्या मूळ डिरेक्टरीचंच लेबल बिघडलं. तसं असतं तर सर्व्हर सुरूही झाला नसता. ऑडिटच्या नोंदीत पूर्ण मार्ग नसतो, शेवटचं नाव असतं, आणि कुठल्याही डिस्कखंडाच्या सर्वांत वरच्या डिरेक्टरीचं नाव तिथे '/' असंच येतं. बघायचं ते डिव्हाइस. 'डीएम-३' म्हणजे '/युजर्स'चा खंड, आणि एक्सएफएस या फाइलसिस्टीममध्ये मूळ डिरेक्टरीचा आयनोड १२८ असणं नेहमीचं. 'एलएस -एलडीझेड'ने दुजोरा दिला: '/युजर्स' आणि त्याखालचं सगळं 'अनलेबल्ड_टी'.

कारण आता स्पष्ट होतं. नवा फाइलसिस्टीम बनवला की त्याच्या मूळ डिरेक्टरीवर लेबल नसतं. आत तयार होणाऱ्या फाइली लेबल वरच्या डिरेक्टरीकडून घेतात. 'आरसिंक -ए'ने डेटा आणला, त्यात विस्तारित गुणधर्म, म्हणजे लेबलं जिथे साठतात ती माहिती, येत नाहीत. त्यासाठी '-एक्स' लागतं. पण इथे '-एक्स' देऊनही उपयोग नव्हता, कारण जुन्या सर्व्हरवर एसईलिनक्स बंद, म्हणजे आणण्यासारखी लेबलंच नव्हती.

नोंदीत काहीच सापडलं नसतं तर? तशीही वेळ येते. काही नकार धोरणातच 'नोंदवू नका' या यादीत असतात. 'सेमॉड्यूल -डीबी'ने ती यादी तात्पुरती बाजूला काढता येते आणि काम झालं की 'सेमॉड्यूल -बी'ने परत आणता येते. आणि नोंदी लिहिणारा ऑडिटडी बंद पडलेला असेल तर नोंदी कर्नलच्या लॉगमध्ये जातात, तिथे बघायचं. इथे दोन्हींची गरज पडली नाही.

पर्याय

लगेच सुचलेला उपाय म्हणजे 'रिस्टोरकॉन -आर'. कनिष्ठ प्रशासकाने तो एका विद्यार्थ्याच्या डिरेक्टरीवर चालवून पाहिला. लेबल बदललं, 'अनलेबल्ड_टी'चं 'डिफॉल्ट_टी' झालं, नकार कायम. रिस्टोरकॉन स्वतः काही ठरवत नाही, धोरणाच्या यादीत त्या मार्गापुढे जे लिहिलंय ते लावतो. '/होम' यादीत आहे, '/युजर्स' नाही, म्हणून त्याच्या वाट्याला कुठेच न बसणाऱ्यांचं लेबल आलं. ज्यांच्याकडे सगळे वापरकर्ते सर्व्हरच्याच पासवर्ड-यादीत असतात त्यांना हा अडथळा कदाचित दिसणारही नाही, कारण धोरण नव्याने बांधताना त्या यादीतून होम डिरेक्टरींच्या जागा उचलल्या जातात. एलडॅपशी बोलणारी एसएसएसडी ही सेवा तिथले वापरकर्ते मागितल्याशिवाय मोजून दाखवत नाही, मूळ मांडणीत तरी नाही. त्यामुळे धोरणाला '/युजर्स'चा पत्ताच नव्हता.

पूर्ण बंद करणं हा पर्याय बोलून झाला होता. त्याच्या विरोधात तत्त्वापेक्षा व्यवहाराचा मुद्दा जास्त चालला. रेड हॅट ९ च्या घराण्यात संरचना-फाइलीत 'डिसेबल्ड' लिहून पूर्वीसारखं बंद होतही नाही. एसईलिनक्स कर्नलमध्ये राहतंच, फक्त त्यात धोरण लोड होत नाही. खरंच बंद करायचं तर बूटच्या ओळीत कर्नलला सांगावं लागतं. आणि बंद असताना बनलेल्या प्रत्येक फाइलीचं लेबल नंतर चालू करताना लावावं लागतं. आजचा बिघाड तोच तर होता, जुन्या सर्व्हरवर लांबवलेला.

'ऑडिट२अलाऊ'चा मोह सर्वांत मोठा होता. नोंद त्याला द्यायची, तो नियम लिहून देतो, नियम बसवायचा, काम फत्ते. त्याने दिलेला नियम होता: एसएसएचडी_टी ला अनलेबल्ड_टी डिरेक्टरीत शोधण्याची मुभा. तो बसवला असता तर पुढचा नकार फाइल वाचण्यावर, मग उघडण्यावर, असे एकेक नियम वाढत गेले असते. शेवटी बाहेरच्या जगाकडे तोंड करून बसलेल्या सेवेला लेबल नसलेली सर्व्हरवरची कुठलीही फाइल वाचायची परवानगी मिळाली असती. हे साधन वाईट नाही. पण ते नोंद खरी धरून चालतं. लेबल चुकलंय की नियम कमी आहे, हा फरक त्याला कळत नाही, तो माणसानेच करायचा. माझा अनुभव असा की रोजच्या सेवांच्या बाबतीत दहातल्या बहुतेक वेळा लेबल चुकलेलं असतं.

'सीएचकॉन'ने थेट हवं ते लेबल चिकटवता येतं आणि लॉगिन लगेच सुरूही होतं. पण ते धोरणाच्या यादीत जात नाही. कधीतरी कुणी पूर्ण पुनर्लेबलन केलं, किंवा सवयीने रिस्टोरकॉन चालवला, की सगळं परत 'डिफॉल्ट_टी'. महिन्यांनी उगवणारा बिघाड, आणि तेव्हा कारण आठवणारं माणूस कदाचित नोकरी बदललेलं.

उरले दोन. एक, खंड '/युजर्स'ऐवजी '/होम'वर जोडायचा आणि '/युजर्स' हा त्याचा प्रतीकात्मक दुवा करायचा. दोन, धोरणालाच सांगायचं की '/युजर्स' म्हणजे '/होम'सारखंच समज. पहिल्यासाठी चालू कामं थांबवून खंड उतरवावा लागणार होता आणि प्रशासकांच्या '/होम'मधल्या डिरेक्टरी आधी हलवाव्या लागणार होत्या. कामाच्या दिवशी दुपारी ते शक्य नव्हतं. दुसरा निवडला.

काय केलं

आधी एक मधली सोय. 'सेमॅनेज परमिसिव्ह -ए'ने फक्त 'एसएसएचडी_टी' हे डोमेन परमिसिव्ह (नकार नोंदवायचा, पण अडवायचं नाही) केलं आणि फायरवॉलवर २२२२ पोर्ट संस्थेच्या आतल्या नेटवर्कपुरता मर्यादित केला. उद्देश लोकांना आत घेणं हा कमी आणि नोंदी गोळा करणं हा जास्त. एनफोर्सिंगमध्ये पहिल्या नकारालाच काम थांबतं, म्हणून एका वेळी एकच नकार दिसतो. परमिसिव्हमध्ये प्रक्रिया पुढे जाते आणि वाटेतले सगळे नकार एका दमात नोंदले जातात. बाकीच्या सेवा एनफोर्सिंगमध्येच राहिल्या. नेमकी जी सेवा बाहेरून दिसते तिलाच मोकळं सोडायचं आणि पोर्ट जगाला उघडा ठेवायचा, हे मात्र कुणी करू नये. बाहेरच्या लोकांना आणखी थोडा वेळ ताटकळावं लागलं, आणि ते योग्यच होतं.

मग 'सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -ई /होम /युजर्स', हा समतुल्यतेचा नियम. शेवटी तिरकी रेघ न देता. फाइलींना हात लावण्याआधी 'मॅचपाथकॉन'ला एका विद्यार्थ्याच्या 'ऑथोराइज्ड_कीज'चा पूर्ण मार्ग देऊन विचारलं की इथे कुठलं लेबल असायला हवं. उत्तर आलं 'एसएसएच_होम_टी'. 'रिस्टोरकॉन -आरएनव्ही'ने काही न बदलता फक्त काय बदलेल ते एका डिरेक्टरीवर पाहिलं.

सगळ्या खंडावर रिस्टोरकॉन चालवायचा तर लाखो छोट्या फाइली. म्हणून क्रम ठरवला: आधी '/युजर्स', मग प्रत्येकाची वरची होम डिरेक्टरी, मग फक्त '.एसएसएच' डिरेक्टरी आतल्या फाइलींसह. लॉगिनला एवढंच लागतं. ते उरकल्यावर 'एसएसएचडी_टी' परत एनफोर्सिंगमध्ये आणलं, एलडॅपमधल्या एका खऱ्या खात्याने बाहेरून लॉगिन करवून घेतलं आणि मगच पोर्ट सगळ्यांना उघडला. उरलेल्या खंडाचं लेबलन रात्री कमी प्राधान्याने चालवलं.

कनिष्ठ प्रशासकाचं म्हणणं होतं, "मॅडम, परमिसिव्ह रात्रभर राहू दे ना, लेबलन पूर्ण झालं की काढू." तिथेच काढलं हे बरं झालं. तात्पुरती ठेवलेली परमिसिव्ह ओळ यंत्रावर वर्षानुवर्षं राहिलेली मी पाहिली आहे, कारण काम चालू असतं तेव्हा ती कुणालाच टोचत नाही.

निकाल

संध्याकाळपर्यंत बहुतेक लोक आत आले. विभागप्रमुखांना दिलेली मुदत पाळली गेली, त्यामुळे एसईलिनक्स चालू ठेवण्यावर पुढे वाद झाला नाही.

दोन गट तरीही अडकलेले राहिले. पहिल्या गटाच्या होम डिरेक्टरी एका जुन्या साठवण यंत्रावर होत्या आणि एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून, येत होत्या. एनएफएसवर सहसा फाइलीगणिक लेबलं नसतात, सगळ्या खंडाला 'एनएफएस_टी' एवढंच मिळतं. रिस्टोरकॉन तिथे निरुपयोगी. धोरणात यासाठी बटण आहे: 'यूज_एनएफएस_होम_डिर्स' हा बूलियन 'सेटएसईबूल -पी'ने चालू केला. '-पी' नसतं तर पुढच्या रीबूटला तो परत बंद झाला असता.

दुसऱ्या गटात होते जुन्या पुटीवाले. सकाळचा पहिला संशय त्यांच्यापुरता खरा निघाला, फक्त तो सगळ्यांच्या बिघाडाचं कारण नव्हता. सकाळी क्रिप्टो धोरण लेगसीवर नेलं असतं तर या मोजक्या लोकांचीही अडचण सुटली नसती, कारण लेबलाचा नकार पुढे उभाच होता, आणि धोरण मात्र सैल राहून गेलं असतं. त्यांना पुटी बदलायला सांगितलं. दोघांनी कुरकुर केली, पण बदललं.

अनपेक्षित फायदाही झाला. काही प्राध्यापकांची वैयक्तिक पानं त्यांच्या होम डिरेक्टरीतल्या 'पब्लिक_एचटीएमएल'मधून दाखवली जातात. समतुल्यतेच्या नियमामुळे त्या फोल्डरांना वेब सर्व्हरला चालणारं लेबल आपोआप मिळालं. नंतर फक्त 'एचटीटीपीडी_एनेबल_होमडिर्स' चालू करावं लागलं. 'ऑडिट२अलाऊ'चा रस्ता धरला असता तर हेच युद्ध प्रत्येक सेवेसाठी नव्याने लढावं लागलं असतं.

काय वेगळं करता आलं असतं

चाचणीचं खातं चुकलं, हे सगळ्यात आधी. प्रशासकांची खाती सगळ्या अर्थांनी अपवाद होती: एलडॅपबाहेरची, '/होम'खालची. ज्याच्यासाठी सर्व्हर आहे त्याच्या खात्याने, तो जिथून येतो तिथून, तो ज्या चावीने येतो त्या चावीने रविवारी एकदा लॉगिन केलं असतं तर सोमवार उजाडण्याआधीच हे दिसलं असतं.

समतुल्यतेचा नियम डेटा आणण्याआधी लिहून '/युजर्स'वर एकदा रिस्टोरकॉन चालवला असता तर वरच्या डिरेक्टरीचं लेबल फाइलींना वारशाने मिळालं असतं. पूर्णपणे नाही. '.एसएसएच'चं लेबल वेगळं असल्यामुळे आरसिंकनंतर रिस्टोरकॉन लागलाच असता. पण तो स्थलांतराचाच एक टप्पा झाला असता, आणीबाणी नव्हे.

हाताने एसएसएचडी चालवण्याबद्दल माझं मत ठाम आहे: एसईलिनक्स चालू असलेल्या यंत्रावर त्याऐवजी सेवेचीच लॉग-पातळी डीबगवर न्यावी आणि सेवा रीस्टार्ट करावी. तसं केलं असतं तर 'ऑथोराइज्ड_कीज उघडता आली नाही, परवानगी नाकारली' ही ओळ लॉगमध्ये आली असती. रूट बघतो तर परवानग्या बरोबर, आणि कर्नल म्हणतो नाही, एवढी विसंगती दिसली की पुढचा आदेश 'एयूसर्च' हाच असतो.

'सेटएनफोर्स ०' सकाळीच करायला हवं होतं का, यावर टीममध्ये मतभेद राहिले. कनिष्ठाच्या मते दोन मिनिटांची चाचणी सकाळी झाली असती तर अर्धा दिवस वाचला असता. मॅडमचं म्हणणं, सकाळच्या गोंधळात ते एकदा शून्य झालं असतं तर परत एक झालंच नसतं. मला वाटतं दोघांचं थोडं थोडं खरं आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे चाचणी आधी 'एयूसर्च'ने करायची. ती काहीच बदलत नाही, त्यामुळे परत फिरवायचाही प्रश्न येत नाही.

स्थानिक बदल आता 'सेमॅनेज एक्सपोर्ट'ने एका फाइलीत निघतात आणि सर्व्हरच्या बाकी संरचनेसोबत जपले जातात. पुढचा सर्व्हर उभा करताना ती फाइल आधी आयात होईल, डेटा नंतर. खंड '/होम'वरच जोडून '/युजर्स'चा दुवा करायचा बेत पुढच्या सुट्टीच्या देखभालीत ठेवला आहे. कनिष्ठाला तो अनावश्यक वाटतो, कारण नियम आहे आणि चालतोय. मॅडमना मात्र नियम नसलेली मांडणी जास्त आवडते.